'हॅलो' आधी हाक होती

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, फोन जोडल्यावर त्यांनी पहिल्यांदा तिलाच हाक मारली, आणि तेव्हापासून सगळं जग 'हॅलो' म्हणू लागलं, असा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरून येतो. गोष्ट गोड आहे, पण खोटी आहे. बेल यांनी १८७७ मध्ये लग्न केलं ते मेबल हबर्ड यांच्याशी. लहानपणीच्या आजारात मेबल यांची ऐकण्याची शक्ती गेली होती. फोनवरून त्यांना हाक मारून उपयोगच नव्हता! १० मार्च १८७६ रोजी बेल तारेवरून पहिल्यांदा बोलले, तेही सहकारी वॉटसन यांना 'इकडे या' एवढंच. पुढेही त्यांची पसंती होती 'अहॉय'ला, म्हणजे खलाशी दुसऱ्या जहाजाला घालतात त्या सादेला.

'हॅलो'ही त्याच जातीचा शब्द. 'होला', 'हलो', 'हलू' अशी त्याची भावंडं इंग्रजीत बरीच जुनी. लांबच्या माणसाला थांबवायला, शिकारी कुत्र्यांना चेतवायला किंवा नवल वाटलं की ती तोंडातून निघायची. आज आपण लिहितो ते 'हॅलो' हे रूप अमेरिकेत १८२० च्या दशकापासून छापलेलं सापडतं. पण भेटल्यावर आदरानं म्हणायचा शब्द म्हणून त्याला तेव्हा मान नव्हता.

तो मिळवून दिला टेलिफोननं. सुरुवातीच्या काळात दोन ठिकाणांमधली तार कायम जोडलेलीच असेल, अशी कल्पना होती. मग पलीकडच्या माणसाला यंत्राजवळ बोलवायचं कसं? ऑगस्ट १८७७ मध्ये थॉमस एडिसन यांनी पिट्सबर्गच्या एका टेलिग्राफ कंपनीच्या अध्यक्षांना कळवलं, की वेगळ्या घंटेची गरज पडणार नाही, 'हॅलो' १० ते २० फुटांवरूनही ऐकू येतं. पुढच्याच वर्षी न्यू हेवनला पहिलं व्यावसायिक एक्स्चेंज सुरू झालं. काही वर्षांत हा शब्द इतका रुळला, की एक्स्चेंजमधल्या तरुणींना 'हॅलो गर्ल्स' असं नावच पडलं.

फोनच्या मागोमाग फ्रेंच, रशियन, तुर्की, अरबी या भाषांत 'आलो' शिरलं. सगळीकडे मात्र नाही. इटालियन माणूस फोनवर 'प्रोन्तो' म्हणतो, म्हणजे 'तयार आहे'. जपानी 'मोशी मोशी' हे 'बोलतो' या अर्थाच्या नम्र क्रियापदापासून आलंय.

आंतरजालावर 'जगभरात हॅलो कसं म्हणतात' अशा याद्या असतात. त्यांत समोरासमोरचे शब्द 'हॅलो'चे प्रतिशब्द म्हणून मांडलेले असतात आणि तिथेच मला खटकतं. 'हॅलो'ला अर्थ नाही. त्या शब्दांना आहे. 'सलाम' आणि हिब्रू 'शालोम' ही सख्खी भावंडं, दोन्ही शांती चिंतणारी. रशियन 'झ्द्रास्तवुयत्ये' म्हणजे निरोगी राहा. रोमनांचं 'साल्वे'ही तब्येतीचंच. आयर्लंडमध्ये 'दिया ग्विच' (देव तुझ्यासोबत असो) म्हटलं, की उत्तर देणारा देवाबरोबर मेरीलाही जोडतो. सगळ्यांत चकवा देतो तो इटालियन 'चाव'. व्हेनिसच्या बोलीत त्याचा मूळ अर्थ 'मी तुमचा गुलाम'. ऑस्ट्रियातलं 'सेर्वुस' म्हणजेही लॅटिनमधला गुलामच. आता हे दोन्ही शब्द मित्रांमध्ये, अगदी ऐटीत वापरले जातात.

काही अभिवादनं चक्क घडवलेली आहेत. थाई 'सवात्दी' हे संस्कृत 'स्वस्ति'वरून भाषातज्ज्ञ फ्रया उपकित सिल्पसान यांनी १९३० च्या दशकात तयार केलं आणि १९४३ मध्ये सरकारनं ते लोकांच्या रोजच्या बोलण्यात आणायचा आग्रह धरला. असा फतव्यानं आलेला शब्द टिकला, याचंच आश्चर्य.

झुलू भाषेतलं 'सावुबोना' मात्र कुणी घडवलेलं नाही. त्याचा शब्दशः अर्थ 'आम्ही तुला पाहतो'. फोनवरही तेच म्हणतात.