पुराची मदत: यादीतून नाव गळतं कुठं आणि मृगाआधी काय तपासून ठेवायचं

पूर ओसरला की तहसीलसमोरच्या झेरॉक्स दुकानांत 'नुकसान भरपाईचा फॉर्म' विकायला येतो. तो घेऊन रांगेत उभं राहण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. शेतीच्या नुकसानीची मदत फॉर्मवर मिळत नाही, पंचनाम्यावर मिळते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पाहणी करतात, यादी तहसीलला जाते, नावं पोर्टलवर चढतात आणि पैसे थेट खात्यात पडतात. अर्ज द्यायची वेळ येते ती पंचनाम्यात नाव सुटलं तरच.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, सिंदफणा, गोदावरी सगळ्या एकदम चढल्या. त्यानंतर सेवा केंद्रात बसून जे पाहिलं त्यावरून सांगतो, नुकसान खोटं म्हणून परत पाठवलेला माणूस क्वचितच दिसला. बहुतेकांचं अडलं ते पुराच्या कितीतरी आधी बिघडलेल्या कागदावर. आणि ते कागद चिखलात उभं राहून दुरुस्त होत नाहीत.

सातबारा अजून आजोबांच्याच नावावर

सगळ्यात जास्त नावं इथं गळतात. एक बाई आल्या होत्या. नवरा वारून चार वर्षं झालेली, सातबाऱ्यावर नाव सासऱ्याचं, आणि सासरे त्याच्याही आधी गेलेले. शेत त्याच कसतात, सोयाबीन त्यांचंच वाहून गेलं, पंचनाम्याला बांधावर उभ्याही त्याच होत्या. यादीत नाव आलं सासऱ्याचं. आता मेलेल्या माणसाची केवायसी कोण करणार?

वारस नोंद हे खरं तर साधं काम आहे. मृत्यू दाखला, वारसांबाबतचं शपथपत्र, सगळ्या वारसांची नावं, आधार, आणि तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज. नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात, मग मंडळ अधिकारी फेर (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) मंजूर करतात. वारसानं तीन महिन्यांत कळवावं असं महसूल संहितेतच आहे, पण घरात वाटणीचा विषय नको म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात. २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली ती याच दुखण्यावर. तेव्हा ज्यांनी नोंद केली नाही त्यांनी आता तरी करावी. फेर ओढला म्हणजे वाटणी झाली असं नसतं, हे भावाला समजावून सांगा. निम्मं काम तिथंच होतं.

सामाईक खात्याचं दुखणं वेगळं. चार भावांचा एक सातबारा असेल तर पैसे एकाच्या खात्यावर घेण्यासाठी बाकीच्या तिघांचं संमतीपत्र लागतं. एक भाऊ पुण्यात चाकणला कामाला, दुसरा बोलत नाही. पूर आल्यावर सह्या गोळा करायला निघालेली माणसं दिवाळीपर्यंत फिरत राहतात. सणावाराला सगळे गावी असतील तेव्हाच बोलून ठेवा.

बटईनं किंवा ठोक्यानं शेत करणाऱ्याला तर मदतीचे निकष ओळखतच नाहीत. बी-बियाणं, खत, मजुरी त्याची आणि मदत सातबाऱ्यावरच्या नावाला. हा अन्याय आहे, पण नियम आज तरी असाच आहे. ठोका ठरवतानाच पुराची मदत आली तर कुणाची, हे दोन ओळींत लिहून सह्या करून घ्या.

'आमच्या मंडळात ६५ मिलिमीटर झाला नाही'

महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला तर ती अतिवृष्टी. पर्जन्यमापक मंडळाच्या एका गावात आणि ढग फुटतो दुसऱ्याच शिवारात, हा घोळ जुना आहे. पण नदीकाठच्यांनी हे वाक्य ऐकून घरी परत जाऊ नये. पूर ही स्वतंत्र आपत्ती आहे. नाशिक-अहिल्यानगरकडे पाऊस झाला की जायकवाडी भरतं, दरवाजे उघडले की गेवराई, अंबड, घनसावंगी, पाथरी, गंगाखेडपासून नांदेडपर्यंत काठ पाण्याखाली जातो. तुमच्या मंडळात त्या दिवशी ऊन असलं तरी. म्हणून पंचनाम्यात कारण 'अतिवृष्टी' असं मोघम लिहून घेऊ नका. 'नदीच्या पुराचं पाणी शेतात शिरून' असं लिहायला सांगा. तारीख आणि पाणी किती तास थांबलं हेही घाला. सही करण्याआधी वाचा. वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. साहेब घाईत असतात, तुम्ही घाईत असू नका.

सातबाऱ्यावर नदीकाठचा पट्टा पोटखराब (लागवडीला अयोग्य) दाखवला असेल तर तिथं पीक कितीही जोरात असलं तरी मोजणीत येत नाही. तो आकडा आताच बघून ठेवा.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून सातबाऱ्यावर आपलं पीक नोंदवणं, खरिपाला साधारण १ ऑगस्टपासून सुरू होते. गटात उभं राहून फोटो काढावा लागतो, घरी बसून होत नाही. मुदतवाढ मिळेल म्हणून थांबू नका, कारण पाण्याखालच्या शेताचा फोटो कसा काढणार? सोयाबीनमध्ये तूर असेल तर दोन्ही नोंदवा.

किती मिळतं

पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त हवं. २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरलेले दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंत. ऑक्टोबर २०२५च्या पॅकेजात राज्यानं मर्यादा ३ हेक्टर केली, पण ती त्या आपत्तीपुरती. नवा पूर आला की त्या वेळचा शासन निर्णय बघायचा, मागच्या वर्षीचा व्हॉट्सॲपवरचा नाही. आणि दर हेक्टरी आहे, एकरी नाही. एकराला ८,५०० धरून बसलेल्या माणसाच्या खात्यात ३,४०० पडले की त्याला वाटतं मधल्यामध्ये कुणीतरी खाल्ले. (खाणारे नसतातच असं नाही, पण या हिशोबात नाहीत.)

जमीन खरडून गेली तर हेक्टरी ४७,००० आणि गाळ काढायला १८,०००, हे दोन्ही अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी. गाळाला अट अशी की थर ३ इंचांपेक्षा जास्त हवा. पाणी उतरल्यावर गाळात पट्टी उभी रोवून, आकडा दिसेल असा फोटो काढा, मागे ओळखीचं झाड किंवा विहिरीचा कठडा येऊ द्या. मोटार, स्टार्टर, पाइप, ठिबक मात्र या निकषांत कुठंच बसत नाही.

७२ तास कशाचे?

या ७२ तासांनी जेवढा गोंधळ घातला तेवढा दुसऱ्या कशानं नाही. ती मुदत पीक विम्याची होती. शेत बुडाल्यावर ७२ तासांत विमा कंपनीला कळवायचं, असा तो नियम. सरकारी पंचनाम्याशी त्याचा संबंध कधीच नव्हता. त्यातून खरीप २०२५पासून राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला, स्थानिक आपत्तीची तक्रार नोंदवून मिळणारी भरपाईही बंद झाली आणि विमा पीक कापणी प्रयोगाच्या (ठरावीक शेतांतलं पीक कापून मोजलेल्या) उत्पादनावर आला. तरी त्या सप्टेंबरात लोक चिखलात उभे राहून ॲपवर तक्रार नोंदवत होते आणि 'आपण कळवलंय' म्हणून पंचनाम्याकडं फिरकले नाहीत. विमा आणि सरकारी मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीकडं कळवलं म्हणून दुसरीकडं कळत नाही. या हंगामात विम्याच्या अटी काय आहेत, हे हप्ता भरतानाच विचारा.

जनावरं आणि माणसं

दुधाळ गाय-म्हैस ३७,५००, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००. पण कानात बारा आकडी बिल्ला हवा. १ जून २०२४पासून बिल्ला नसलेल्या जनावराची आपत्तीतली भरपाई देय नाही, असं शासनानं स्पष्ट केलंय. काटेरी कुंपणात कान फाटून बिल्ला पडलेला असतो आणि मालक म्हणतो, मारला होता साहेब. आज गोठ्यात जाऊन प्रत्येक कान बघा, पडला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुन्हा मारून घ्या, नंबर दिसेल असा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मेलेलं जनावर डॉक्टर शवविच्छेदन करेपर्यंत पुरू नका. वाहून गेलं असेल तर त्याच दिवशी तलाठ्याला लेखी कळवा, शेजाऱ्यांचे जबाब पंचनाम्यात घ्या.

माणूस गेला तर वारसाला ४ लाख. वीज पडून झालेला मृत्यूही यात येतो. ते दुःखात सांगवत नाही, पण सांगावंच लागतं: पोलिसांना कळवल्याशिवाय आणि शवविच्छेदनाशिवाय अंत्यविधी उरकू नका. कारण कागदावर आलं नाही तर पुढं घरच्यांनाच हेलपाटे पडतात.

घर

पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,०००, अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५००, कच्च्याला ४,०००, झोपडीला ८,००० आणि गोठ्याला ३,०००. अंशतः म्हणजे निदान १५ टक्के पडझड हवी. घर अधिकृत हवं, ही खरी मेख. नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीतून किंवा गावठाणाची मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयातून आताच काढा आणि घरपट्टी कुणाच्या नावावर आहे तेही बघा. नदीच्या निळ्या रेषेच्या (बांधकामाला मनाई असलेल्या पूररेषेच्या) आत किंवा गायरानावर घर असेल तर अडचण येणार हे धरून चला, तरी पंचनामा करून घ्याच. कपडे-भांड्यांची मदत प्रत्येकी २,५००. घर वाहून किंवा पडून गेलं नसेल तर पाणी घरात दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं लागतं. पाणी सकाळी शिरून संध्याकाळी उतरलं तर धान्य भिजत नाही, असा कुणाचा तरी समज असावा. कधीकधी शासन ही अट शिथिल करतं, म्हणून भिंतीवरची पाण्याची रेष पुसण्याआधी फोटो घ्या.

यादीत नाव आहे, पैसे नाहीत

२०२५च्या जुलैपासून पंचनाम्यात शेतकरी ओळख क्रमांक घेतात. तो नसेल तर आधी तो काढा. क्रमांक असलेल्यांना त्या वर्षी ऑक्टोबरात ई-केवायसीतून सूट मिळाली. ज्यांच्याकडं नव्हता ते यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन अंगठा लावायला आले, तर कापूस वेचून, ऊस तोडून बोटांच्या रेषाच झिजलेल्या. मशीन दहा वेळा नाही म्हणतं. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं, म्हणून नंबर आताच जोडून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी जास्त जपावं. यादी लागते तोवर ते कोल्हापूर-सांगलीकडं कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) असतात. केवायसी राज्यातल्या कुठल्याही आपले सरकार सेवा केंद्रात होते, गावी यायची गरज नाही. कर्नाटकात गेलेल्यांनी मात्र निघण्याआधीच विचारपूस करावी. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही पासबुक दिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. कोणतं खातं जोडलंय ते बँकेत विचारा आणि ते बंद पडलेलं नाही ना, तेही बघा. बँकेनं ते पैसे कर्जात वळते केले तर शासन निर्णयात तशी वसुली करू नये असं लिहिलेलं असतं. ती प्रत जोडून शाखेत लेखी तक्रार द्या.

यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते तेव्हा स्वतः जाऊन वाचा, गट नंबर आणि क्षेत्रासकट. नाव सुटलं असेल तर तहसीलदारांच्या नावे एक पानी अर्ज, सातबारा, आठ-अ, आधार, फोटो एवढं पुरतं. अर्ज आवक विभागात द्या, शिपायाच्या हातात नाही, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.