पार्श्वभूमी : तळहातावरचा घाम आणि ‘अपराधाचे ज्ञान’

पॉलिग्राफ (शरीराच्या प्रतिक्रियांवरून खोटे ओळखण्याची चाचणी), ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींची चाचणी) आणि नार्को (गुंगीचे औषध देऊन केलेली चौकशी) ही तीन नावे मराठी वृत्तपत्रांत गेली अनेक वर्षे एका दमात घेतली जातात. त्यांपैकी पहिल्या दोहोंमागचा शास्त्रीय वाद ज्यांच्या कामाभोवती फिरतो, ते डेव्हिड लिकन (१९२८–२००६) पोलीस तपासातले तज्ज्ञ नव्हते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात व्यक्तिमत्त्व आणि सायकोफिजिऑलॉजी, म्हणजे मनातल्या घडामोडींचे शरीरावर उमटणारे पडसाद, यांच्या अभ्यासात त्यांची हयात गेली. पुण्यातील एका खटल्यात २००८ साली मेंदूच्या चाचणीला पुराव्याचे स्थान मिळाले आणि २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्यांवर मर्यादा घातल्या. या दोन्ही घटना नीट समजण्यासाठी लिकन यांनी १९५९ साली केलेली एक मांडणी आणि तिला दिलेले घोटाळ्यात टाकणारे नाव यांच्यापाशी थांबावे लागते.

शरीर खोटेपणाची चुगली करते, ही समजूत फार जुनी आहे. आपल्या धर्मशास्त्रांतील तंडुल दिव्यात संशयिताला तांदूळ चावून थुंकायला लावत. त्यात रक्त दिसले, टाळू सोलली गेली किंवा अंग कापले, तर तो दोषी ठरे. तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवा दिव्य मराठेशाहीतील कागदपत्रांत भेटते. भीतीने तोंडाला कोरड पडते, हे निरीक्षण खरेच आहे. पण ही भीती खरे बोलणाऱ्यालाही वाटते, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ नेमके एवढ्यातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्वचेच्या विद्युत गुणधर्मांत भावनेनुसार बदल होतो, हे दिसून आले. १९२० च्या दशकात कॅलिफोर्नियातील पोलिसांनी रक्तदाब आणि श्वास यांची एकत्र नोंद करणारे यंत्र, म्हणजेच पॉलिग्राफ, वापरात आणले आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘लाय डिटेक्टर’ हे नाव चिकटवले. हे नाव यंत्राच्या कामाचे नसून त्याच्याकडून बाळगलेल्या अपेक्षेचे होते.

लिकन या क्षेत्रात आले ते दुसऱ्याच प्रश्नाचा माग काढीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस नौदलात काही काळ काढून ते मिनेसोटात शिकायला आले. मानसशास्त्रात मोजमापाला आणि संख्याशास्त्राला सर्वाधिक मान देणारे विद्यापीठ म्हणून त्याचा तेव्हा दबदबा होता. वागण्याबोलण्यात नेटके, बुद्धीने शाबूत, आणि तरीही पुन:पुन्हा इतरांना फसवणारी, शिक्षेने काहीच न शिकणारी माणसे अशी का असतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात सहभागी व्यक्तीसमोर एक पेटी ठेवलेली असे. तिच्यावर चार खटके होते. वीस टप्प्यांवर दर वेळी योग्य खटका ओळखत पुढे जायचे, हे उघड काम. मात्र प्रत्येक टप्प्यावर चुकीच्या तीन खटक्यांपैकी एक दाबला की विजेचा झटका बसे, आणि तो टाळायला शिका असे कोणीही सांगितलेले नसे. योग्य वाट सर्व गटांतील माणसे सारख्याच वेगाने शिकली. झटका टाळायला मात्र सर्वसामान्य माणसे आपोआप शिकली आणि ज्यांना लिकन यांनी ‘प्राथमिक’ गटात, म्हणजे वर सांगितलेल्या फसवणाऱ्या, शिक्षेने न शिकणाऱ्या माणसांच्या मुख्य गटात घातले होते ती माणसे फारशी शिकली नाहीत. झटक्याची पूर्वसूचना मिळाल्यावर त्यांच्या तळहाताला सुटणारा घामही कमी होता. बुद्धी कमी पडत नव्हती. कमी पडत होती ती भीती. पुढे चाळीस वर्षे लिकन या अनुमानाला धरून राहिले. वीर आणि बेमुर्वत गुन्हेगार या एकाच फांदीच्या डहाळ्या असू शकतात, निर्भय मुलाला कसे वाढवले यावर बरेच ठरते, असे ते सांगत.

या कामातील संज्ञांचा गुंता येथे थोडक्यात नोंदवतो. १९५७ मध्ये त्यांनी अशा व्यक्तींसाठी ‘सोशिओपॅथ’ हा शब्द वापरला, कारण तेव्हाच्या अमेरिकी रोगवर्गीकरणात तोच रूढ होता. १९९५ साली मात्र त्यांनी दोन शब्दांत फरक केला : ज्याचा स्वभावच जन्मत: हाताळायला अवघड तो सायकोपॅथ, आणि ज्याच्या संगोपनात हेळसांड झाली तो सोशिओपॅथ. याच फरकातून, मूल होऊ देण्यासाठी पालकांना परवाना असावा, अशी सूचना त्यांनी पुढे मांडली. ती मला मान्य नाही. मोजमापाबाबत इतका काटेकोर माणूस तो परवाना कोण आणि कशाच्या आधारे नाकारणार, याचे समाधानकारक उत्तर देत नाही.

तळहाताच्या घामाचे मोजमाप त्यांनी फार गांभीर्याने घेतले. घामाच्या ग्रंथींना चेतना मिळाली की त्वचेची वीज वाहून नेण्याची क्षमता काही सेकंदांत वाढते. ही वाढ कोणत्या एककात नोंदवायची, कोणते इलेक्ट्रोड वापरायचे, मुळातच कमी घाम येणाऱ्या माणसाची जास्त घाम येणाऱ्याशी तुलना कशी करायची, याबाबत प्रत्येक प्रयोगशाळेची वेगळी रीत होती. १९७१ साली एका ब्रिटिश सहकाऱ्यासह त्यांनी प्रमाणित पद्धतीचा प्रस्ताव मांडला. विद्युतरोधाऐवजी थेट विद्युतवाहकता मोजावी, हा त्याचा गाभा असून त्यानंतरच्या पिढ्यांनी तो बहुतांशी स्वीकारला. ज्याने हा घाम इतक्या बारकाईने मोजला, त्यालाच त्यावरून खरेखोटे ठरवण्याचा दावा सर्वांत जास्त खटकला, यात आश्चर्य नाही.

आता १९५९ च्या मांडणीकडे येतो. लिकन यांचे म्हणणे असे होते की खोटे बोलण्याची म्हणून शरीराची स्वतंत्र अशी प्रतिक्रिया नसते. राग, लाज, भीती, अपमान, अचानक काही ओळखीचे कानावर पडणे, या सगळ्यांनी तळहाताला सारखाच घाम फुटतो. म्हणून ‘तू खून केलास का?’ असे विचारून उपयोग नाही. त्या प्रश्नाने निरपराध माणूसही हादरतो. त्याऐवजी जे केवळ गुन्हेगाराला ठाऊक असेल, ते पर्यायांत मिसळून विचारावे. समजा, चोरीला गेलेली रक्कम हिरव्या पाकिटात होती. संशयिताला क्रमाने ऐकवायचे : पाकीट लाल होते, पिवळे होते, हिरवे होते, पांढरे होते, निळे होते. निरपराध माणसाच्या दृष्टीने पाचही रंग सारखेच, त्यामुळे त्याचा घाम योगायोगाने ‘हिरव्या’वर सर्वाधिक वाढण्याची शक्यता पाचात एक. असे सहा वेगवेगळे प्रश्न घेतले, तर सहाही वेळा निव्वळ योगायोगाने खऱ्या पर्यायावरच सर्वांत मोठी प्रतिक्रिया येण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक उरते. निरपराध माणूस कितीही घाबरट असला तरी त्याची भीती पाचही पर्यायांवर पसरते. या पद्धतीचे सारे बळ या साध्या गणितात आहे.

प्रयोगात ४९ विद्यार्थ्यांपैकी काहींनी लुटूपुटीचा खून, काहींनी लुटूपुटीची चोरी, काहींनी दोन्ही, तर काहींनी काहीच केले नाही. आणि प्रत्येकाची दोन्ही ‘गुन्ह्यां’बाबत चाचणी झाली. दोषी असलेल्या ५० चाचण्यांपैकी ४४ आणि निर्दोष असलेल्या सर्वच्या सर्व ४८ चाचण्या बरोबर ओळखल्या गेल्या. या आकड्यांचा कल पाहण्यासारखा आहे : जी चूक झाली ती दोषी सुटण्याची, निर्दोष अडकण्याची नव्हे. खऱ्या तपासातील दडपण प्रयोगशाळेत नसते, हे खरे आणि लिकनही ते जाणून होते.

पण या पद्धतीला त्यांनी नाव दिले ‘गिल्टी नॉलेज टेस्ट’, शब्दश: ‘अपराधाच्या ज्ञानाची चाचणी’. कायद्याच्या इंग्रजीत ‘गिल्टी नॉलेज’ला आधीच अर्थ होता : आपण करतो ते बेकायदा आहे, किंवा घेतलेला माल चोरीचा आहे, याची आरोपीला असलेली जाणीव. म्हणजे त्या शब्दांत अपराध गृहीत धरलेला असतो. लिकन यांच्या चाचणीतून मात्र एवढेच कळते की समोरच्याला हिरवे पाकीट ओळखीचे आहे. ते त्याने चोरताना पाहिले, की दुसऱ्याला चोरताना पाहिले, की पंचनाम्याच्या वेळी टेबलावर पडलेले पाहिले, की सकाळच्या वृत्तपत्रात वाचले, हे तळहात सांगत नाही. प्रेत प्रथम पाहणारा शेजारी, घरातला साक्षीदार, पंच, पोलीस शिपाई आणि बातमीदार या सर्वांकडे हे ‘ज्ञान’ असते आणि त्यांपैकी कोणीही अपराधी नसतो. नंतरच्या संशोधकांनी नाव बदलून ‘दडवलेल्या माहितीची चाचणी’ असे केले. ते अधिक सावध असले तरी त्यातही ‘दडवलेल्या’ हा शब्द हेतूकडे बोट दाखवतोच. ‘ओळखीची चाचणी’ एवढेच म्हटले असते तर पुढचा बराच घोळ टळला असता, असे मला वाटते. अर्थात तपास अधिकाऱ्यांना आणि वर्तमानपत्रांना असे मिळमिळीत नाव आवडले नसते, हेही तितकेच खरे.

लिकन यांची प्रत्यक्ष लढाई झाली ती अमेरिकेतील व्यावसायिक पॉलिग्राफ तपासनिसांशी. त्यांच्या प्रचलित पद्धतीत गुन्ह्याविषयीच्या प्रश्नासोबत ‘आयुष्यात कधी कोणाला फसवले आहे का?’ असा तुलनेचा प्रश्न विचारला जाई. निर्दोष माणूस या दुसऱ्या प्रश्नाने जास्त अस्वस्थ होईल, असे गृहीतक होते. लिकन यांनी विचारले : ज्याची नोकरी किंवा स्वातंत्र्य पहिल्या प्रश्नावर टांगलेले आहे, तो दुसऱ्या प्रश्नाने जास्त का घाबरावा? १९७८ साली ओहायो राज्यात एका माणसाला पॉलिग्राफमध्ये नापास झाल्यामुळे खुनाच्या आरोपात शिक्षा झाली. पुढे खरे गुन्हेगार सापडले आणि तो सुटला. तुरुंगात असताना त्याने या तंत्राचा अभ्यास केला आणि २७ कैद्यांना अर्ध्या तासाहूनही कमी वेळात युक्ती शिकवली. आपण दोषी असल्याचे त्या सर्वांनी त्याच्यापाशी आधीच कबूल केले होते, आणि तरीही २३ जण चाचणीतून निर्दोष म्हणून बाहेर पडले. युक्ती साधी होती. तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी जीभ चावायची, म्हणजे आलेख तेथेच उसळतो. लिकन यांनी हे प्रकरण १९८१ च्या आपल्या पुस्तकात वापरले. १९८८ साली अमेरिकेत बहुतेक खाजगी मालकांना नोकरीसाठी पॉलिग्राफ चाचणी घेण्यास कायद्याने मनाई झाली. सरकारी खाती मात्र त्यातून वगळली गेली. २००३ साली प्रकाशित झालेल्या शास्त्रज्ञांच्या अहवालाने सुरक्षा-चाळणीसाठी, म्हणजे संवेदनशील सरकारी कामासाठी माणसे पारखायला, ही चाचणी पुरेशी अचूक नसल्याचे म्हटले. जुळ्यांवरील संशोधन, आनंदी वृत्तीच्या अनुवंशिकतेविषयीचा १९९६ चा गाजलेला निबंध, संख्याशास्त्रीय ‘लक्षणीयते’च्या (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा, या कसोटीच्या) आंधळ्या वापरावरची १९६८ ची टीका, ही त्यांची इतर मोठी कामे येथे केवळ नोंदवतो. त्यांतली शेवटची प्रस्तुत विषयाला लागून आहे, कारण आकडा ‘लक्षणीय’ निघाला म्हणजे सिद्धान्त खरा ठरत नाही, हीच त्यांची पॉलिग्राफविषयीची तक्रार होती.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हीच पर्यायांची कल्पना घामाकडून मेंदूच्या लहरींकडे सरकली. ओळखीची गोष्ट दिसल्यावर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट विद्युत लहर उठते, तिचा आधार घेतला गेला. भारतात बंगळुरूच्या एका मेंदू-मानसशास्त्रज्ञाने याच परंपरेतून पण वेगळा दावा करणारी पद्धत विकसित केली. तिच्यात संशयित डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घालून, डोळे मिटून, गप्प बसतो आणि त्याला गुन्ह्याची हकीकत प्रथमपुरुषी वाक्यांत ऐकवली जाते. केवळ ऐकीव माहिती आणि स्वत: केलेल्या कृतीची ‘अनुभवजन्य’ आठवण यांतला फरक यंत्र ओळखते, असा तिचा दावा आहे. लिकन यांच्या नावात जो घोळ होता, तो येथे थेट सिद्धान्त झाला : ओळखीवरून कृतीकडे मारलेली उडी.

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने प्रसादातून आर्सेनिक देऊन केलेल्या खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप सुनावली. निकाल केवळ या चाचणीवर उभा नव्हता, पण तिच्या निष्कर्षाला न्यायाधीशांनी सविस्तर स्थान दिले. आरोपी चाचणीला बसली तोपर्यंत पोलिसांचा आरोप तिला ठाऊक होता. आर्सेनिक हा शब्द तिला पाच विषांपैकी एक राहिलेला नव्हता. पाच सारख्या पर्यायांची अट येथे मुळातच पाळली गेली नाही, आणि माझ्या मते हाच त्या निकालातील सर्वांत कच्चा दुवा आहे. त्याच वर्षी एका तज्ज्ञ समितीने ही तंत्रे पुरेशी शास्त्रीय नसल्याचे सांगितले. पुढे अपील प्रलंबित असताना उच्च न्यायालयाने जामीन दिला.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्य पीठाने पॉलिग्राफ, मेंदूची चाचणी आणि नार्को यांपैकी कोणतीही चाचणी संमतीविना घेणे हे घटनेच्या अनुच्छेद २०(३) (स्वत:विरुद्ध साक्षीची सक्ती नको) आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) यांचा भंग ठरवले. संमतीने घेतलेल्या चाचणीचा निष्कर्षही स्वतंत्र पुरावा होत नाही. तिच्या आधारे पुढे जी वस्तू किंवा माहिती हाती लागेल, तीच तेव्हा लागू असलेल्या (२०२४ मध्ये बदललेल्या) पुरावा कायद्याच्या कलम २७ नुसार ग्राह्य होऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल मुख्यत: स्वत:विरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसण्याच्या हक्कावर आधारलेला आहे. चाचणीची रचना कशी असावी, पर्याय कोणी आणि कधी ठरवावेत, याचे नियम त्याने घालून दिले नाहीत, आणि ते त्याचे कामही नव्हते.

ओळखीवर आधारित चाचणी पोलीस तपासात नेहमीचा भाग म्हणून मोठ्या प्रमाणावर वापरणारा देश आहे जपान. लिकन यांचा आग्रह होता की घटनास्थळाचे काही तपशील तपास अधिकाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून राखून ठेवावेत. ते संशयिताला चौकशीत ऐकवू नयेत आणि वार्ताहरांनाही देऊ नयेत. आपल्याकडे कोयत्याची लांबी, पाकिटाचा रंग आणि घटनास्थळाचे छायाचित्र पहिल्या रिमांडच्या आधीच छापून आलेले असते.