भागाकार करून घ्यायची दुर्बीण

डिसेंबरातली पहाट, भिगवणजवळचं कुंभारगाव. उजनीच्या पाण्यावर धुकं होतं आणि पुरतं उजाडलं नव्हतं. नाववाल्यानं नाव थांबवून हळूच बोट केलं. करड्या पाण्याच्या कडेला करड्याच रंगाचे बरेच पक्षी बसले होते. मी ऐटीत गळ्यातली नवीकोरी दुर्बीण डोळ्यांना लावली. वीस पट मोठं दाखवणारी! दिसलं काय, तर डुचमळणारा राखाडी डाग. नाववाल्यानं फळीखालून स्वतःची जुनी, रबर सोललेली दुर्बीण काढून हातात ठेवली. तिच्यातून पांढऱ्या डोक्यामागचे दोन काळे पट्टे स्वच्छ मोजता आले. पट्टकादंब होते, हिमालय ओलांडून आलेले.

माझ्या दुर्बिणीवर २०×५० असं छापलं होतं. त्याच्या दुर्बिणीवर ८×४२.

पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. इथवर दुकानदारही सांगतो. खरी गंमत पुढच्या भागाकारात आहे. दुसऱ्या आकड्याला पहिल्यानं भागा. त्याच्या दुर्बिणीचं उत्तर सव्वापाच, माझ्या दुर्बिणीचं अडीच.

हे उत्तर डोळ्यांनी बघताही येतं. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्यांकडच्या भिंगात मधोमध एक उजळ चकती तरंगताना दिसेल. तिचा व्यास तेवढ्याच मिलिमीटरचा असतो. दुर्बिणीनं गोळा केलेला सगळा प्रकाश त्या चकतीएवढ्या झोतातूनच डोळ्यात शिरतो. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आकसलेली असते, त्यामुळे अडीचचा झोतही पुरतो. पहाटे ती पाच मिलिमीटरपर्यंत सहज पसरते. आता झोताचा व्यास बाहुलीच्या निम्मा, म्हणजे क्षेत्रफळ पाव. पाच मिलिमीटरच्या झोतानं दिसलं असतं त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकंच उजळ चित्र मला दिसत होतं. आणि पक्षी तर पहाटेच जागे असतात! दुपारी बारा वाजता सातभाई सोडले तर कोण भेटतं?

मग ७×५० घेऊन चकती थेट सात मिलिमीटरची का करू नये? कारण चाळिशी-पन्नाशीनंतर बाहुली तेवढी पसरत नाही. वरचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो आणि मोठ्या भिंगांचं वजन मानेला वाहावं लागतं.

दुसरा घोटाळा हाताच्या थरथरीचा. दुर्बीण पक्ष्याबरोबर थरथरही तितकीच पट मोठी करते. दहा पटींपर्यंत बहुतेकांचे हात निभावून नेतात. वीस पटींची दुर्बीण तिपाईशिवाय, तीही नावेत, म्हणजे निव्वळ हौस. शिवाय पट वाढले की दृश्याचा तुकडा लहान होतो. शंभर मीटरवर आठ पटींच्या चांगल्या दुर्बिणीत साधारण १३ मीटर रुंदीचं दृश्य मावतं, दहा पटींच्या दुर्बिणीत ११ मीटरच्या आसपास. फरक किरकोळ वाटतो. कर्नाळ्याच्या झाडीत स्वर्गीय नर्तक या फांदीवरून त्या फांदीवर जातो तेव्हा तो किरकोळ राहत नाही. ठाणे खाडीच्या चिखलावर लांब उभे तुतवार ओळखायचे असतील तर १०×४२ला माझी ना नाही. पहिली आणि एकुलती एक घेणार असाल तर ८×४२ घ्या. फार जड वाटली तर ८×३२.

नुसत्या भिंगांनी चित्र उलटं दिसतं, ते सुलटं करायला आत लोलक बसवतात. इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसानं १८५४ साली लोलकांच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि १८९४मध्ये झाइस या जर्मन कंपनीनं तशा दुर्बिणी बाजारात आणल्या. खांदे बाहेर आलेली जुन्या ढंगाची दुर्बीण ती हीच. दोन सरळ नळ्यांची दिसते ती ‘रूफ प्रिझम’वाली. ती आटोपशीर आणि पावसाला सहसा जास्त टिकणारी असते, पण तिच्या लोलकांवर खास लेप चढवावे लागतात, नाहीतर बारीक रेघा फिसकटतात. त्या लेपांना पैसे पडतात. म्हणून बजेट कमी असेल तर त्याच किमतीत पोरोचं चित्र बरेचदा सरस निघतं. नाववाल्याची पोरोच होती.

माझ्या दुर्बिणीची भिंगं माणकासारखी लाल चमकायची आणि त्या चमकेवरच मी भाळलो होतो. लाल चमक म्हणजे तेवढा लाल प्रकाश आत न जाता परत फिरलेला, हे नंतर कळलं. तिच्यातून पिवळाधमक हळद्या कच्च्या लिंबासारखा दिसे.

चष्मा असेल तर ‘आय रिलीफ’, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, १५ मिलिमीटरच्या वर आहे का ते विचारा आणि रबरी कडा खाली करून, चष्म्यासकट बघा. दृश्याभोवती काळी चौकट आली तर ती दुर्बीण तुमची नव्हे. उजव्या डोळ्याच्या कडीचं तर बहुतेकांना ठाऊकच नसतं. आधी उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याचं चित्र रेखीव करायचं. मग डावं झाकून, चाकाला हात न लावता, ती कडी फिरवून उजव्याचं. दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतात, त्यासाठी ती कडी. हे न करताच ‘डोकं दुखतं’ म्हणून दुर्बीण कपाटात टाकणारे मी पाहिलेत.

कपाटावरून आठवलं: पावसाळ्यात ती तिथे नकोच. कोकण-गोव्याच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी जाळं विणते आणि त्यावरचा लेप खाते. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढ्यावर भागतं. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण मिळाली तर आतून धुकंही धरत नाही.

दुकानात जाल ते दिवेलागणीला जा. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी झकास दिसतात. बाहेर येऊन समोरच्या झाडाखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यातली पाटी वाचून बघा, एकदा या दुर्बिणीनं, एकदा त्या.

माझी २०×५० मी टाकली नाही. गच्चीवर तिपाईला बांधून ठेवली आहे. तिच्यातून गुरूचे चार चंद्र छान दिसतात. गुरू स्वतःच उजळ आहे आणि तो फांद्यांत लपत नाही.