दाखला हवाय? बोनाफाईड की एलसी, ते आधी ठरवा

निकालाच्या आठवड्यात आमच्या कार्यालयाच्या खिडकीशी जी रांग लागते, तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतं, "मुलीचा दाखला पाहिजे." मी मुलींच्या माध्यमिक शाळेत लिपिक आहे. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कशासाठी हवाय?" काहींना हा प्रश्न खटकतो. आमच्या मुलीचा कागद, तुम्हाला कशाला चौकशी, असा भाव चेहऱ्यावर येतो. पण मी विचारते, कारण आपल्याकडे "दाखला" हा एकच शब्द दोन कागदांना वापरतात आणि ते दोन कागद नेमकी उलट गोष्ट सांगतात. बोनाफाईड सांगतं की मुलगी या शाळेत शिकते आहे. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे कुणाची एलसी, कुणाची टीसी, सांगतो की ती आता इथे शिकत नाही.

काही वर्षांपूर्वी एका आईने "शाळेचा दाखला मिळावा" एवढाच अर्ज दिला. मुलगी आठवी पास झालेली. मे महिना होता, समोर एलसीच्या अर्जांचा गठ्ठा होता, आणि मी काही न विचारता तिचीही एलसी लिहून सहीला पाठवली. त्या बाईंना हवं होतं बँकेत मुलीचं खातं उघडायला बोनाफाईड. जूनमध्ये मुलगी गणवेश घालून नववीच्या वर्गात येऊन बसली आणि हजेरीत तिचं नावच नव्हतं. मूळ दाखला परत घेणं, नव्याने प्रवेश अर्ज, प्रवेशाच्या वहीत (जनरल रजिस्टर) नवा नंबर, हे सगळं होईपर्यंत वर्गशिक्षिका रोज तिचं नाव हजेरीच्या तळाशी पेन्सिलीने लिहीत होत्या. तेव्हापासून मी विचारते.

बोनाफाईड हा साधा, कामापुरता कागद. मुलीचं नाव, इयत्ता, शैक्षणिक वर्ष, जन्मतारीख, वर्तणूक चांगली असल्याचा शेरा, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँक खातं, आधारमधली दुरुस्ती, प्रवासाचा पास, स्पर्धेला जाताना ओळख, अशा कामांना तो लागतो. वर्षात कितीही वेळा मागा, मिळतो. मात्र तो त्या शैक्षणिक वर्षापुरताच धरतात, म्हणून मार्चमध्ये घेतलेलं बोनाफाईड जूनमध्ये नव्या अर्जाला जोडलं तर तो अर्ज बहुधा परत येतो. सुट्टीआधी "असू दे जवळ" म्हणून पाच-सहा प्रती नेणाऱ्यांना मी हेच सांगते. एसटीच्या पाससाठी तर आता बऱ्याच मुलींना धावपळ करावी लागत नाही. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत मोफत पास आहे, आणि २०२४ च्या जूनपासून शाळेने यादी दिली की पास थेट शाळेत देण्याची सोय एसटीने केली आहे. तुमचं काम एवढंच, की यादीत मुलीचं नाव आणि थांबा बरोबर आहे ना, ते वर्गशिक्षिकेकडे पाहून घ्यायचं.

एलसीची गोष्ट वेगळी. ती जनरल रजिस्टर नंबर एकची नक्कल असते. मुलीच्या प्रवेशाच्या दिवशी त्या जाडजूड वहीत जी ओळ लिहिली गेली, तीच ओळ दाखल्यावर उतरते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आईचं नाव, धर्म, जात, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तन, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. खाली बारीक अक्षरात टीप असते की अनधिकृत फेरबदल केल्यास कायदेशीर कारवाई होईल. ती गंभीरपणे घ्या. एका वडिलांनी मुलीच्या नावातला राहिलेला काना घरीच निळ्या पेनने काढून आणला होता. हेतू चांगला होता, पण तो दाखला पुढे कुठेच चालला नसता.

मूळ एलसी एकदाच मिळते. हरवली तर प्रतिज्ञापत्र देऊन दुसरी प्रत घ्यावी लागते, आणि तिच्यावर ती दुसरी प्रत असल्याचा शेरा असतो. दहावीनंतर मूळ दाखला अकरावीच्या प्रवेशात कनिष्ठ महाविद्यालयात जमा होतो, तो परत येत नाही. बारावीनंतर ते महाविद्यालय स्वतःचा दाखला देतं. म्हणून जमा करण्याआधी चांगल्या स्पष्ट प्रती काढून ठेवा, आणि मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका.

हा कागद पुढे कुठे कुठे लागतो, ते अनेक घरांना उशिरा कळतं. जन्मतारखेचा पुरावा म्हणून तो अजून चालतो. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी फक्त जन्माचा दाखला लागणार आहे, पण आज आपल्या शाळांत शिकणाऱ्या मुली त्याआधीच्या आहेत, त्यांना शाळेचा दाखला देता येतो. जात पडताळणीत तर शाळेच्या नोंदीला फार वजन आहे, आणि ते मुलीच्या दाखल्यापेक्षा वडील-आजोबांच्या जुन्या दाखल्याला जास्त. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा विचारला जातो. आजोबांचा दाखला घरात सापडत नसेल तर त्यांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा मागा. तो त्याच रजिस्टरचा उतारा असतो. हे काम बारावीच्या घाईत नको, दहावीच्या सुट्टीत सुरू करा.

नोंद चुकली असेल तर? मुलगी शाळेत शिकत असेपर्यंत मार्ग बराच सोपा आहे. पुराव्यासह अर्ज मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मुंबईत शिक्षण निरीक्षकांकडे जातो आणि मंजुरी आली की रजिस्टरला लाल शाईने दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर हीच दुरुस्ती डोंगराएवढी होते. लोकांना त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलेलं आहे. म्हणून नववीत असतानाच एकदा या आणि रजिस्टरची ओळ आमच्यासमोर बसून वाचा. आधारवरचं नाव, जन्मदाखल्यावरचं नाव आणि ही ओळ एकमेकांशी जुळते का पाहा. मुलींच्या बाबतीत आणखी एक. लग्नानंतर नाव बदललं तरी शाळेचा दाखला बदलत नाही, बदलूही नये. तिथे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडायचं असतं. "सासरचं नाव टाकून द्या" म्हणून येणाऱ्यांना मला नाही म्हणावंच लागतं.

दाखल्यावरचा "शाळा सोडण्याचे कारण" हा रकाना लिहिताना माझा हात सगळ्यात जास्त थांबतो. पुढील शिक्षणासाठी, पालकांची बदली, हे लिहायला काही वाटत नाही. पण कधी कधी नववीच्या मुलीची एलसी मागायला कुणी येतं, आणि पुढची शाळा कुठली विचारलं की उत्तर येतं, "बघू." तेव्हा मी अर्ज बाजूला ठेवून मुख्याध्यापिकांना बोलावते. एलसी काढून घरात ठेवली की मुलगी कुठल्याच शाळेच्या पटावर राहत नाही, आणि पटावर नसलेल्या मुलीची चौकशी करायला कुणी येत नाही. नवीन शाळेत प्रवेश नक्की झाल्याशिवाय एलसी काढू नका. आठवीपर्यंत तर एलसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तसं स्पष्ट सांगतं. घरात लग्नाचं बोलणं चाललं असेल आणि मुलगी अठराची नसेल, तर ते लग्न कायद्याने गुन्हा आहे. मुलीने स्वतः, मैत्रिणीने किंवा शेजाऱ्याने १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन केला तरी मदत मिळते.

ज्यांची शाळा आधीच सुटली आहे, त्यांनी ती जुनी एलसी शोधून काढावी. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला खाजगी विद्यार्थिनी म्हणून बसताना तीच लागते. आमच्याकडे दोन मुलांची आई झालेली एक माजी विद्यार्थिनी दाखल्याची दुसरी प्रत न्यायला आली होती. रजिस्टरमधली स्वतःची ओळ तिने बोट ठेवून वाचली, आणि आईचं नाव आलं तिथे जरा थांबली.

या वर्षीही दहावीच्या मुलींना दाखला छापण्याआधी कच्ची प्रत मिळेल. ती घरी न्या, मोठ्याने वाचा, दोन दिवसांत सही करून परत द्या. मागच्या वर्षी एक मुलगी खिडकीशीच वाचत होती आणि जन्मस्थळाशी येऊन अडली, "मॅडम, माझा तालुका हा नाही." रजिस्टर काढलं. रजिस्टरमध्ये बरोबर होतं, टाइप करताना माझ्या हातून वरच्या मुलीचा तालुका तिच्या नावापुढे आला होता. पाच मिनिटांत नवी प्रत निघाली.