संसर्गक्षमतेचा कालवक्र

विषाणूची लागण झालेली व्यक्ती ती लागण इतरांना देण्याची शक्यता दिवसागणिक कशी वाढते व ओसरते, हे दाखविणारे फलन (एका राशीनुसार दुसरी कशी बदलते हे सांगणारा गणिती संबंध). लागण झाल्यापासून लोटलेल्या काळाला संसर्गवय म्हणतात. वक्राचा आडवा अक्ष तोच. वक्राखालील क्षेत्रफळ म्हणजे प्रजननांक, अर्थात एका रुग्णामुळे होणाऱ्या नव्या लागणींची सरासरी संख्या. या क्षेत्रफळाने वक्राला भागले की निव्वळ आकार उरतो, आणि तेच पिढी-काळाचे (एकाची लागण ते त्याच्यापासून दुसऱ्याला झालेली लागण यांतील अंतराचे) वितरण होय.

या कल्पनेचे श्रेय सामान्यतः डब्ल्यू. ओ. कर्मॅक व ए. जी. मॅकेन्ड्रिक यांच्या साथींच्या गणितावरील १९२७ च्या निबंधाला दिले जाते. त्यातील स्थिर दरांचे सोपे रूप (लोकसंख्येचे संवेदनक्षम, बाधित व बरे झालेले असे तीन गट) सर्वत्र पसरले. मुंबईतील १९०५–०६ च्या प्लेगमृत्यूंशी त्यांनी ताडून पाहिले तेही हेच रूप. मूळ समीकरणात मात्र संक्रमणाचा व बरे होण्याचा दर संसर्गवयानुसार बदलतो. सोपे रूप हे त्याचे केवळ एक विशेष उदाहरण आहे. या मूळ समीकरणाची, म्हणजे समाकल समीकरणाची (मागील सर्व दिवसांच्या वाट्यांची बेरीज घेणाऱ्या समीकरणाची), घडण याहून जुनी दिसते. एफ. आर. शार्प व ए. जे. लोट्का यांनी १९११ मध्ये जन्मसंख्येसाठी ती वापरली होती. यामुळे काही लेखक उगम लोकसंख्याशास्त्रात शोधतात, तर काही रोनाल्ड रॉस व हिल्डा हडसन यांच्या साथींच्या गणितावरील १९१६–१७ च्या निबंधांकडे बोट दाखवितात. घडण उसनी असली, तरी जन्मदात्याच्या वयाच्या जागी संसर्गाचे वय आणण्याचे श्रेय १९२७ च्या निबंधाला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

आकाराचा परिणाम केवढा असतो, हे एका आकडेमोडीवरून कळते. साथ दररोज ०·२ या दराने वाढते आहे व सरासरी पिढी-काळ ५ दिवस आहे, असे धरू. पिढी-काळ घातांकी वितरणाचा (आखूड काळ सर्वाधिक, लांब काळ उत्तरोत्तर विरळ) मानला तर प्रजननांक २·० येतो; आकार-प्राचल ४ असलेल्या गॅमा वितरणाने (सरासरीभोवती अधिक एकवटलेल्या) २·४४, आणि सर्वांचा पिढी-काळ नेमका ५ दिवस मानल्यास २·७२. सरासरी तीच, वाढीचा दर तोच, तरीही उत्तरात तिसऱ्या हिश्शाहून अधिक फरक पडतो. स्थिर दराच्या सोप्या रूपात बाधित अवस्थेचा काळ घातांकी वितरणाचा येतो. म्हणून त्या अवस्थेचे एकामागोमाग अनेक कप्पे करतात. सरासरी ६ दिवसांचे तीन समान कप्पे केले, म्हणजे प्रत्येकी २ दिवस, तर प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याचे माप) ६ वरून सुमारे ३·५ दिवसांवर येते.

वक्र काढण्याची एक वाट रुग्णाच्या शरीरातील विषाणूवरून जाते. तिचे शरीरांतर्गत प्रारूप तीन अवकल (बदलाचा दर सांगणाऱ्या) समीकरणांचे असते : निरोगी लक्ष्यपेशी, बाधित पेशी व मुक्त विषाणू. लक्ष्यपेशी संपत आल्या की विषाणुभाराला (शरीरातील विषाणूंच्या प्रमाणाला) शिखर येते. पुढची पायरी अवघड, आणि चुका बहुतेक तेथेच होतात : भार म्हणजेच संसर्गक्षमता नव्हे. युगांडातील राकाई येथील जोडप्यांच्या अभ्यासात (२०००) एचआयव्हीचा भार दसपट झाल्यास संक्रमण सुमारे २·४५ पट वाढल्याचे आढळले. त्याच प्रमाणाने भार हजारपट झाल्यास संक्रमण सुमारे १५ पटच होईल. म्हणून भाराच्या लघुगणकावर आधारलेले, वरच्या टोकाला सपाट होणारे फलन सरळ प्रमाणापेक्षा श्रेयस्कर. भार मोजणाऱ्या पीसीआर चाचणीत दर आवर्तनाला विषाणूचे जनुकद्रव्य दुप्पट होते, म्हणून सुमारे ३·३ आवर्तनांचा फरक म्हणजे दसपट आरएनए (हे जनुकद्रव्य). पण आरएनए सापडला म्हणजे जिवंत विषाणू आहेच असे नाही. कोविड-१९ च्या सौम्य रुग्णांच्या एका जर्मन अभ्यासात (२०२०) आठव्या दिवसानंतरच्या नमुन्यांतून विषाणू वाढविता आला नाही, आरएनए मात्र मिळतच राहिला. आरएनएवरून रेखाटलेल्या वक्राला त्यामुळे खोटी लांब शेपटी येते.

दुसरी वाट संक्रमणाच्या जोड्यांची : कोणापासून कोणाला लागण झाली, हे माहीत असलेले रुग्ण. लागणीचा दिवस क्वचितच कळतो, म्हणून दोघांच्या लक्षणारंभांतील अंतर मोजतात व परिपाक कालाचे (लागण ते लक्षणारंभ या काळाचे) वितरण वापरून वक्र काढतात. हे अंतर ऋणही येऊ शकते, म्हणजे लागण झालेल्याला लक्षणे आधी दिसू शकतात. अशा नोंदी गाळल्यास वक्र उशिराकडे सरकतो. वाढत्या साथीत हल्लीच बाधित झालेले अधिक असतात, त्यामुळे अंतरे आखूड दिसतात. तसेच लक्षणे दिसताच रुग्ण वेगळा केला, तर वक्राची शेपटी उपायामुळे तुटते, विषाणूच्या गुणामुळे नव्हे. हाँगकाँग व ग्वांगझू येथील संशोधकांनी २०२० मध्ये ७७ जोड्यांवरून कोविड-१९ चे सुमारे ४४ टक्के संक्रमण लक्षणांपूर्वी होत असल्याचा अंदाज केला. पुढे गणनेतील त्रुटी दाखविली गेल्यावर लेखकांनी दुरुस्ती प्रसिद्ध केली. वक्राचा आरंभ बराच मागे गेला. शिखर लक्षणारंभापाशीच राहिले. वक्राचे टोक किती थोड्या जोड्यांवर उभे असते, हे यावरून दिसते.

लक्षणांपूर्वीच्या संक्रमणाचा हा हिस्सा मोठा असल्यास केवळ लक्षणांवरून केलेले विलगीकरण अपुरे पडते. सार्स (२००३) आटोक्यात येण्याचे एक कारण तो हिस्सा अल्प असणे हे मानतात.

गोवराबाबत पुरळ उठण्यापूर्वी ४ दिवस ते नंतर ४ दिवस एवढाच ठोकळ काळ धरून पुष्कळदा सपाट आयताकृती वक्र वापरतात.