परागांचा हंगाम चुकवायचा तर कुठे जायचं, कधी जायचं?

अमेरिकेतले डॉक्टर मॉरिल वायमन यांना दरवर्षी उन्हाळा सरता सरता शिंकांनी आणि डोळ्यांच्या खाजेनं हैराण व्हायला होई. न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन्स या डोंगराळ भागात गेले की आराम पडे. ‘हवापालट मानवला’ एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. सप्टेंबर १८७० मध्ये त्यांनी रॅगवीड या तणाचं पुडकं डोंगरावर मागवलं, उघडलं आणि हुंगलं. शिंका तिथेही सुरू झाल्या! म्हणजे आराम पडत होता तो डोंगरावर हे तण फारसं नसल्यामुळे. १८७४ साली तर अशा, म्हणजे परागांच्या ॲलर्जीच्या रुग्णांनी आपली संघटनाच स्थापन केली आणि त्या भागातलं बेथलेहेम हे गाव त्यांचं हंगामी आश्रयस्थान बनलं.

वायमन यांचा तो प्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण जागा निवडण्याचं सूत्र त्यात आहे: आधी आपला पराग ओळखा. त्वचेवरच्या किंवा रक्ताच्या चाचणीतून तो बहुतेकदा कळतो. डोळ्यांत भरणाऱ्या रंगीत फुलांवर उगाच आळ येतो. त्यांचे जड, चिकट पराग कीटक वाहून नेतात. त्रास देतात ते वाऱ्यावर उडणारे हलके पराग, म्हणजे गवतांचे, रॅगवीडचे, बर्चसारख्या झाडांचे. गवताचा त्रास असलेल्यानं कुरणांच्या प्रदेशात जाऊन काय साधणार? समुद्रावरून वारा येत असेल तर किनारा किंवा लहान बेट चांगलं. जर्मनीच्या हेलिगोलँड बेटावर १८९७ साली अशाच रुग्णांची संघटना स्थापन झाली होती. वारा जमिनीकडून वाहू लागला, की मात्र किनाऱ्यावरही पराग पोहोचतात.

उंचावर वेगळाच धोका असतो. तिथे थंडी उशिरा ओसरते, म्हणून गवतही उशिरा फुलतं. खालचा हंगाम सोसून झाल्यावर वर गेलात, तर तोच हंगाम दुसऱ्यांदा वाट्याला येतो.

निघण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. नाकाच्या अस्तरात मास्ट पेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात आणि त्यांच्यावर आयजीई प्रतिपिंडं, म्हणजे ॲलर्जीला कारण ठरणारी प्रथिनं, बसलेली असतात. पराग या प्रतिपिंडांना चिकटला की पेशींतून हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं. शिंका, खाज, पाणी हे सगळं त्याचंच. रोज पराग झेलून अस्तर सुजलं, की पुढे थोडेसे परागही त्रास द्यायला पुरतात. म्हणून पहिली शिंक येण्याआधीच निघावं. त्यासाठी जुन्या तारखांवर विसंबू नये: १९९० ते २०१८ या काळात उत्तर अमेरिकेतला परागांचा हंगाम सुमारे २० दिवस अलीकडे सरकला आहे.

कायमचं स्थलांतर करण्याआधी अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या टूसान शहराकडे जरूर पाहावं. कोरड्या हवेसाठी लोक तिथे गेले आणि सावलीसाठी त्यांनी तुती व ऑलिव्ह लावले. दोन्ही झाडं भरपूर पराग सोडणारी. पुढे स्थानिक प्रशासनाला त्यांच्यावर निर्बंध घालावे लागले. शिवाय ॲलर्जीची प्रवृत्ती माणसाबरोबरच येते. नव्या जागी काही हंगाम काढले, की शरीर तिथल्या परागांविरुद्धही आयजीई बनवू शकतं. दरवर्षी काही आठवड्यांपुरतं जाणाऱ्याला हा धोका कमी.

ज्यांना नोकरी, शाळा किंवा खर्चामुळे जाणं जमत नाही, त्यांनी नुसतं सोसत राहू नये. त्याच परागाचा अर्क हळूहळू वाढत्या मात्रेनं देऊन शरीराला सवय लावणारी इम्युनोथेरपी १९११ पासून वापरात आहे. ती साधारण तीन वर्षं चालते आणि बंद केल्यावरही अनेकांना पुढची काही वर्षं तिचा गुण राहतो.