थंड हवेतल्या सुगंधी वेली

मोगरा, जाई, जुई, मधुमालती, स्टेफॅनोटिस असल्या गरम प्रदेशातल्या वासाच्या वेली, जिथे हिवाळ्यात नळाचं पाणी गोठतं अशा ठिकाणी जगवायच्या, आणि नुसत्या जगवायच्या नाही तर त्यांना फुलं आणायची, असा हा बागकामाचा प्रकार. युरोपात तीनेकशे वर्षं चालू आहे, आधी राजेरजवाड्यांच्या काचघरांत आणि आता कुणाच्याही खिडकीत. इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी घरांत सुरुवात बहुतेक वेळा मोगऱ्यानेच होते.

सगळे घाबरतात थंडीला, पण खरा घोळ दुसरीकडेच असतो. मोगऱ्याला पाला जाळणारं हिव चालत नाही हे खरंच, पण कुंडी घरात घेतली की तो प्रश्न मिटला. न मिटणारे प्रश्न दोन, उन्हाळ्यात पुरेशी ऊब नसणं आणि हिवाळ्यात उजेड नसणं. अमेरिकन शेती खात्याचे जे हार्डिनेस झोन असतात ते फक्त वर्षातलं सगळ्यात कमी तापमान सरासरीने किती जातं त्यावर ठरवलेले असतात, आकडा जितका मोठा तितका हिवाळा सौम्य, त्यामुळे मध्य लंडन आणि उत्तर फ्लोरिडा दोघंही झोन ९ मध्ये येऊन बसतात आणि न्यू जर्सीचा बराचसा भाग ६-७ मध्ये. नकाशा बघून वाटेल की मोगरा लंडनला सोपा. उलट आहे. न्यू जर्सीत जानेवारीत बर्फ पडला तरी जुलैत दिवसा ३० आणि रात्री २० च्या आसपास असतं, वर दमट हवा, म्हणजे जवळजवळ आपल्याकडचं वातावरण, मग बाहेर ठेवलेली कुंडी लागोपाठ बहर देते. लंडनला हिवाळा सौम्य, पण जुलैतल्या रात्री १४-१५ अंशांवर येतात, आणि मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येत असल्यामुळे फूट मंदावली की फुलंही मंदावतात. तिथे कन्झर्व्हेटरी म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली किंवा दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत, जी दिवसभर तापून रात्री ऊब सोडते, ती खतापेक्षा जास्त उपयोगाची.

उजेडाचं गणित तर अजून वाईट. डिसेंबरात पुण्याला ११ तास दिवस असतो, लंडनला ८ सुद्धा नाही, आणि तोही ढगाळ. अशा वेळी हीटरजवळ ठेवून वेल उबदार ठेवली तर ती उजेड नसताना लांब, फिकट, पोचट फांद्या काढते आणि तिथूनच रोग सुरू होतात. म्हणून हिवाळ्यात दोनच रस्ते. एक तर एलईडी ग्रो लाइट लावून १२-१४ तास उजेड द्यायचा, नाहीतर झाडाला १०-१२ अंशांच्या थंड पण उजेडाच्या खोलीत झोपवायचं आणि पाणी तोडायचं. दुसरा रस्ता आपल्या मोगरेवाल्या शेतकऱ्यांना नवा नाही, हिवाळ्यात ताण द्यायचा, छाटणी करायची आणि मग पाणी-खत सुरू करून बहर धरायचा हे महाराष्ट्रात चालतंच, थंड देशात फक्त ताण लांबतो आणि बहर फेब्रुवारी-मार्चच्या ऐवजी जून-जुलैत सरकतो. माती पूर्ण वाळवायची नाही, पण वरचा थर कोरडा झाल्याशिवाय पाणी नाही. परदेशात हिवाळ्यात मेलेले मोगरे बहुतेक थंडीने नाही, मुळं कुजून मरतात.

आत-बाहेर नेतानाही घाई नको. रात्रीचं तापमान १० च्या खाली यायला लागलं की आत, वसंतात बाहेर काढताना आधी आठवडाभर सावलीत, नाहीतर खिडकीतल्या उजेडाला सरावलेली पानं उन्हाने भाजून पांढरी पडतात.

घरात घेतल्यावर हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड हमखास येते, बारीक जाळं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पानं खालून धुणं हाच पहिला उपाय. पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी हेही असतातच, पण तिकडच्या काचघरांत फवारणीऐवजी त्यांना खाणारे किडे विकत आणून सोडायची पद्धत रुळली आहे, कोळ्यावर दुसरा शिकारी कोळी आणि पिठ्या ढेकणावर क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा. पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर कीड नसून पाणी. लंडनसारख्या ठिकाणी नळाचं पाणी जड, चुनखडीचं असतं, त्याने मातीतलं लोह झाडाला मिळत नाही, तिथे पावसाचं पाणी साठवून घालतात.

मोगऱ्यात जात कुठली हेही बघावं लागतं. नर्सरीत 'मेड ऑफ ऑर्लिअन्स' नावाने मिळतो तो कमी पाकळ्यांचा, तो घाईने आणि वारंवार फुलतो, नवख्याने तोच घ्यावा. 'ग्रँड ड्यूक ऑफ टस्कनी' म्हणजे गुलाबासारखा गच्च भरलेला, वेल कसली, हळू वाढणारं ठेंगणं झुडूपच. ह्याचं नाव इटलीच्या टस्कनीचा ड्यूक कोसिमो तिसरा ह्याच्यावरून आलं. सतराव्या शतकाच्या शेवटी त्याला हा मोगरा गोव्याहून मिळाला आणि फ्लॉरेन्सजवळच्या कास्तेल्लोच्या बागेत तो वाढवला गेला, इटालियनमध्ये तो 'मुगेरिनो', आणि तिथलं काचघर आजही मुगेरिनोंच्याच नावाने ओळखलं जातं. म्हणजे थंड देशातल्या मोगऱ्याची गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरून सुरू होते.

मधुमालती थंडीत पानं टाकते, ते मेली समजून फेकू नये. मादागास्करची स्टेफॅनोटिस इंग्लंडात लग्नाच्या गुच्छांसाठी प्रसिद्ध, हिला मात्र हिवाळ्यातही १३ च्या खाली नको, आणि कळ्या धरल्यावर कुंडी फिरवली तर कळ्या गाळते, नखरेल बाई.

एवढा सगळा व्याप नको असेल तर मुळात थंडी सोसणाऱ्या वेली आहेत. हिमालयातली जास्मिनम ऑफिसिनाले, आपल्या जाईची जवळची नातेवाईक, इंग्लंडात उघड्यावर जगते. चीनची जास्मिनम पॉलिअँथम गुलाबी कळ्यांची, तिचं उलटं आहे, थंड रात्री मिळाल्याशिवाय ती कळ्याच धरत नाही, म्हणून गरम दिवाणखान्यात वर्षभर ठेवलेली पॉलिअँथम नुसती पानं काढत बसते. स्टार जास्मिन उणे १० पर्यंत निभावते, वास छान, पण ती जाईच्या कुळातली नव्हेच, कण्हेरीच्या कुळातली, फांदी मोडली की दुधाळ चीक येतो. कॅरोलिना जेसमिन नावाची पिवळी वेल मात्र जपून, ती पूर्ण विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर लावूच नये.

बॅगेतून भारतातली फांदी नेण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. मातीसकट झाड कस्टममध्ये जप्त होतं, बिनमातीचं असलं तरी फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाडाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला, लागतं. त्यापेक्षा तिकडच्याच नर्सरीतून एक कुंडी घेऊन खालची फांदी मातीत दाबून दाब कलम करावं, उन्हाळ्यात मुळं धरतात आणि हिवाळ्यात आईवेल गेलीच तरी पिल्लू राहतं.